आरशावरचा पडदा

ताईच्या तालमीच्या हॉलमध्ये आरसा होता, चांगला भिंतभर होता, आणि कायम झाकलेला होता. त्यावर जाड काळा पडदा होता आणि तो सरकवायची कुणाची छाती नव्हती. नव्यानं आलेल्या एका मुलीनं केस नीट करायला म्हणून एकदा तो वीतभर बाजूला केला, तर ताईनं तिला उरलेली तालीम दाराकडे तोंड करून उभं ठेवलं. "आरशात बघून नाचणारा माणूस शेवटी आरशासाठीच नाचतो," असं ती म्हणायची, आणि इतक्या खात्रीनं म्हणायची की समोरच्याला आपल्या घरच्या आरशाचीही लाज वाटावी.

व्हिडिओलाही बंदी होती. मोबाइल दाराशी एका टोपलीत टाकायचे आणि मगच आत पाऊल. शिकवायची तिची पद्धत एकच. ती पुढे उभी राहायची, सगळ्यांकडे पाठ करून, आणि नाचायची. मागच्यांनी बघायचं आणि घ्यायचं. समजावून सांगणं नाही, एक-दोन-तीन-चार मोजणं नाही, असं का आणि तसं का नाही, हे तर मुळीच नाही. शिष्यांना याचा केवढा अभिमान. दुसरीकडची मंडळी पाय कुठे टाकायचा ते शिकतात, आम्ही अंग शिकतो, असं ते नाक वर करून सांगत. बिचारे खोटं बोलत नव्हते, हेच तर पुढे नडलं.

शहराचा नृत्यमहोत्सव दरवर्षी त्या जुन्या नाट्यगृहात भरायचा. पहिल्या दिवशी भाषणं, शेवटच्या दिवशी नावाजलेली मंडळी, आणि मधल्या संध्याकाळी आधुनिक नाच, म्हणजे ज्यांना तो कळतो ते आणि ज्यांना फुकट पास मिळालेत ते असा प्रेक्षक. महोत्सवाचं सगळं ज्याच्या हातात होतं त्याला नाचणारी माणसं पाठीमागे गॉगल म्हणत, कारण अंधाऱ्या प्रेक्षागृहातही त्याच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा उतरत नसे. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण त्याला चांगलं-वाईट कळायचं. न कळणारा असता तर ताईला त्याचा राग तरी करता आला असता.

ताईनं या वर्षी 'सामान' बसवलं होतं. घर रिकामं करणारी माणसं, एवढाच विषय. रंगमंचावर एकही वस्तू नाही, आणि सगळे कपाटं, गाद्या, शिवणाचं मशीन, आजारी माणसाचा पलंग असं काय काय उचलून नेताहेत. शेवटी सगळं नेऊन झाल्यावर एक बाई उरते. ती रिकाम्या हातांनी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात चालत जाते, मध्येच खाली बसते, उठते, पुन्हा चालते. तो शेवट ताई स्वतः करणार होती. बरीच वर्षं ती रंगमंचावर उतरली नव्हती, नुसतं बसवत होती. गॉगलनं निवडीच्या वेळी म्हटलं होतं, "शेवट तुम्ही करणार असाल तर घेतो, नाहीतर यात मजा नाही." त्या एका वाक्यावर ती वर्षभर जगली. वर्गातल्या कुणीतरी कुजबुजलंही, की शिंगं मोडून वासरांत शिरायची हौस भारी. ते तिच्या कानावर आलं आणि तिनं ते मनावर घेतलं नाही, कारण तिला खरोखरच शिरायचं होतं.

अडचण एवढीच होती की तिचा उजवा खुबा झिजला होता. डॉक्टरनं एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं होतं, सांधा बदलावा लागेल आणि तोवर नाचबिच बंद. ताईनं मान डोलावली, घरी येऊन एक्स-रे कपाटाच्या माथ्यावर टाकला आणि दुसऱ्या दिवशी तालमीला हजर झाली. घरात तिनं ताकास तूर लागू दिली नाही. घरात म्हणजे धाकटीला. धाकटी तिच्याहून इतकी लहान होती की अनोळखी माणसं तिला ताईची मुलगी समजत. आईवडील लवकर गेले. धाकटीची शाळा, डबा, ताप, पहिलं प्रेम, पहिला प्रेमभंग, सगळं ताईनंच निस्तरलं. बोट धरून चालायला तिनंच शिकवलं आणि मग नाचायलाही. ताईचं लग्नही झालं होतं एकदा, पण ते तालमींच्या वेळांत बसलं नाही.

तर दुखणं आपण मुठीत ठेवलंय अशी ताईची पक्की समजूत होती. सकाळी धाकटी उठायच्या आत न्हाणीघरात जायचं, बादली पालथी घालून तिच्यावर बसायचं आणि खुब्यावर गरम पाणी ओतत राहायचं. तालमीआधी गोळी. हॉलच्या जिन्यात कुणी नसेल तेव्हाच कठड्याला हात. आत गेलं की ताठ. शरीर आपल्या धाकात आहे असं तिला वाटायचं. शरीर मात्र आपल्या सोयीनं चालत होतं आणि तिला विचारत नव्हतं.

धाकटीचं काम होतं बाहेरून बघायचं. ताई स्वतः नाचात असल्यानं समोरून बघायला कुणीतरी हवंच होतं, आणि धाकटीचे डोळे पारखी होते. कोण पुढे गेलं, कोण मागे राहिलं, कुणाचा हात लोंबकळतोय, हे ती तालीम संपल्यावर सांगायची. ताई आली नाही तर तिच्या जागी उभं राहायचं, हेही धाकटीकडेच होतं. ताई कधी आली नाही असं मात्र झालं नव्हतं.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी नाट्यगृहात रंगीत तालीम होती. शेवटच्या चालीला कुठला उजेड द्यायचा यावर लाइटवाला अडून बसला. त्याला निळा हवा होता. ताईला निळ्याचा तिटकारा होता. "मग इथे येऊन माझ्याशेजारी बसा आणि बघा," तो वैतागून म्हणाला. "तिथे उभं राहून तुम्हाला काय दिसणार?" म्हणून ताईनं धाकटीला आपल्या जागी उभं केलं आणि स्वतः खाली येऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. स्वतःचं 'सामान' ती पहिल्यांदाच समोरून बघत होती.

संगीत सुरू झालं. कपाट निघालं, गाद्या निघाल्या. चांगलं जमलं होतं. ताई मनातल्या मनात खूष झाली, आणि मग सगळे एका रांगेत डावीकडे वळून चालायला लागले.

सगळे लंगडत होते.

एखाद-दुसरा नाही, सगळ्यांचे सगळे. प्रत्येकाचा उजवा पाय अंमळ उशिरा पडत होता. टाच आधी जमीन चाचपत होती, मग घाईघाईनं भार डाव्या पायावर जात होता. वळताना प्रत्येकाचा उजवा हात क्षणभर कमरेखाली जाऊन दाबून परत येत होता. धडधाकट, तरणीताठी माणसं, पळत गाडी गाठणारी, आणि इतकी एकसारखी लंगडत होती की त्यामागची मेहनत दिसत होती.

"थांबा," ती ओरडली. संगीत बंद झालं. "तुम्ही सगळे लंगडताय का?"

वर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी सगळ्यात उंच नाचणारा, ज्याला सगळे खांब म्हणत, तो पुढे आला. "ताई, चालच तशी आहे ना?"

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. म्हणजे सांगितलं नाहीत. दाखवलीत."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, बाजूच्या पायऱ्यांनी वर गेली आणि सगळ्यांच्या पुढे पाठ करून उभी राहिली. "नीट डोळे उघडून बघा. अशी नाही चाल. अशी आहे." आणि ती या विंगेपासून त्या विंगेपर्यंत सरळ चालत गेली, निदान तिच्या समजुतीनं सरळ. मागे वर्षानुवर्षांच्या सवयीनं सगळे तिच्या पाठोपाठ निघाले, बघत आणि घेत. टोकाला पोहोचून ती वळली.

"हीच तर करतोय," खांब हळूच म्हणाला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ताई पुन्हा निघाली, आणि या वेळी चालताना तिनं स्वतःच्या पायांकडे बघितलं. नाचणाऱ्यानं खाली बघायचं नसतं हे तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. उजवा पाय उशिरा पडत होता. टाच चाचपत होती. हात कमरेखाली गेला तेव्हा तो आपण नेला नाही, आपला आपण गेला, हे तिला स्वच्छ कळलं. ती मध्येच थांबली आणि मागची रांगही थांबली.

तेवढ्यात प्रेक्षागृहाच्या मागच्या अंधारातून टाळ्या आल्या. एकट्या माणसाच्या. गॉगल कधी येऊन बसला होता कुणास ठाऊक.

"ही चाल काढू नका हं, ताई," तो पुढे येत म्हणाला. "बाकी सगळं चांगलं आहे. हे मात्र आणखी कुणाकडे बघितलं नाही. सामान नेऊन झालं तरी ओझं उतरत नाही, हे त्या एका पायात आलंय." मग तो पायऱ्यांपाशी आला आणि त्यानं चक्क चष्मा काढला. आवाज खाली केला. "पण तुम्हाला खरंच दुखतंय का?"

"नाही."

"ताई."

"थोडं."

गॉगलनं धाकटीला पुढे बोलावलं आणि शेवट करायला सांगितला. तिनं तो केला. "घाई आहे म्हणून सरळ बोलतो," तो ताईला म्हणाला. "तुम्ही चाललात की तुमचं दुखणं दिसतं. लोक नाच बघणार नाहीत, काळजी करत बसतील. आता बसलेली ही बाई उठणार कशी, हाच विचार. हिच्या अंगावर तीच चाल नाच होते. तुम्हालाही दिसत असेलच. शेवट हिला द्या."

"शेवट मी करणार असेन तरच घेतो, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," गॉगल म्हणाला. "तेव्हा तुम्ही पळत जिना चढून आला होतात." आणि चष्मा परत चढवून तो निघून गेला, म्हणजे त्याच्या बाजूनं प्रश्न मिटला होता.

ताईनं धाकटीचं मनगट धरलं आणि तिला मेकअपच्या खोलीत नेऊन दार लावलं. तिथले आरसे उघडे होते, दिव्यांनी वेढलेले. ताईनं त्यांच्याकडे पाठ केली.

"कधीपासून बघतेयस?"

"सुरुवातीपासून," धाकटी म्हणाली.

"आणि मूग गिळून बसलीस. तुला बाहेर बसवलं कशाला होतं मी? खुर्ची उबवायला?"

"आधी मला वाटलं मुद्दाम ठेवलंयस. तुला विचारायची सोय कुठे आहे? असं का हे विचारायचंच नाही. मग कळलं की दुखतंय. सकाळी न्हाणीघरात पाणी कुणासाठी तापतं ते काय मला कळत नाही? तोवर सगळ्यांच्या अंगात चाल बसली होती. आणि ताई, ती चांगली दिसत होती."

"चांगली."

"तू बसवलेल्यातलं सगळ्यात चांगलं. मी सांगितलं असतं तर तू त्या दिवशी ती काढून टाकली असतीस. दुखणं तेवढं राहिलं असतं."

ताईला स्वतःचं बालपण आठवलं नाही, धाकटीचं आठवलं. खोटं बोलताना ही पोर नखं कुरतडायची. आता तिचे हात शांत होते, आणि ताईला त्याचाच जास्त राग आला.

"इतरांपेक्षा तुझं वेगळं आहे," ती शेवटी म्हणाली. "बाकीच्यांनी पाय घेतलाय. तू मानसुद्धा घेतलीयस. मी तालमीत मान ताठ ठेवते, तेवढं मला माहीत आहे. कुठून घेतलीस?"

धाकटीनं पहिल्यांदाच नजर खाली केली. "घरी. पलंगावरून उठून तू दारापर्यंत जातेस तेव्हा. मी झोपलेय असं वाटतं ना तुला."

"आणि मग?"

"तू बाजारात गेलीस की करून बघायचे."

म्हणजे बहीण वेदनेनं वाकडी होत दारापर्यंत जात होती आणि ही पांघरुणातून तिची मान टिपत होती. ताईचा हात उठला. तिनं धाकटीला लहानपणी कधी मारलं नव्हतं, आणि आता मारायची वेळ निघून गेली होती. हात तसाच खाली आला.

"मग द्यायचीस ना मला एक हाक," ताई म्हणाली. "एकदा तरी विचारायचंस, ताई, पाणी ओतू का म्हणून."

"तू हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले. तरी विचारायचं असतं."

धाकटी रडायला लागली. मग म्हणाली, "तूच कर शेवट. मी गॉगलला सांगते की मी करणार नाही." पण म्हणताना तिचा पाय दाराकडे वळला नाही. ताईनं ते बघितलं, कारण माणसाचं तोंड सोडून बाकी सगळं बघायचं हाच तिचा जन्मभराचा धंदा होता. पोरीला तो शेवट हवा होता. हवा होता म्हणून ती वाईट नव्हती. ताईलाही तिच्या वयात असंच सगळं हवं असायचं, फक्त ते घेताना तिला कुणाकडून ओरबाडावं लागलं नव्हतं.

'सामान' मागे घ्यायचं, एवढं अजून ताईच्या हातात होतं. ते शब्द जिभेवर घेऊनच ती खाली येऊन लाइटवाल्याशेजारी बसली. "शेवट पुन्हा एकदा बघायचाय," ती म्हणाली.

धाकटी डोळे पुसून कोपऱ्यात उभी राहिली आणि निघाली. उजवा पाय उशिरा, टाच चाचपत, मान जराशी झुकलेली, कुणी बघत नाही अशा भरवशावर असलेल्या बाईची. मध्येच ती खाली बसली आणि उठताना तिनं जमिनीला हात लावला नाही, लावायला नेला आणि आवरला. ताईला वाटलं, हे मी केलंय. मग वाटलं, नाही, हे मला झालंय, आणि केलंय हिनं. आयुष्यभर बसवलेलं सगळं त्या चालीपुढे पोरखेळ वाटावं इतकी ती खरी होती. ताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते बहिणीच्या कौतुकाचं नव्हतं. तिला रागानं रडू येत होतं.

"निळा?" लाइटवाल्यानं विचारलं.

"निळा नको," ताई म्हणाली. "बाजूनं द्या. पायांवर. आणि वर थोडा कमी करा, चेहरा दिसायची गरज नाही." एवढं बोलून तिनं शेवट देऊन टाकला. मागे घ्यायचे शब्द गिळले ते गिळलेच.

संध्याकाळी नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं. ताई कडेच्या खुर्चीत बसली होती, पाय पुढे पसरता यावा म्हणून. प्रयोग चांगला झाला. चांगला म्हणजे असा, की धाकटी शेवटच्या कोपऱ्यात पोहोचली तेव्हा कुणी खोकलंही नाही, आणि मग टाळ्या थांबेचनात. त्यानंतर गप्पांचा कार्यक्रम होता. अशा गप्पा म्हणजे एरंडाचं गुऱ्हाळ. प्रश्न विचारणारा आपल्याला किती कळतं ते आधी सांगतो आणि मग प्रश्न विसरतो. एका बाईंनी मात्र नेमकं विचारलं, ती चाल कुठून आली?

धाकटीनं माइक हातात घेतला. अजून धापा टाकत होती. "तालमीत सापडली," ती म्हणाली. "आमची ताई काही समजावून सांगत नाही. ती फक्त करते, आणि आम्ही घेतो." मग तिनं खाली कडेच्या खुर्चीकडे हात केला, आणि सगळ्यांनी वळून ताईला टाळ्या दिल्या. गॉगलनं तिला वर यायची खूण केली. पायऱ्या बघून ताईनं जागेवरूनच हात जोडले. केवढी नम्र, असं मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं.

गर्दी ओसरायच्या आधीच ती निघाली. प्रेक्षागृहातून बाहेरच्या दालनात आली आणि दालनातून रस्त्याकडे जाणाऱ्या रुंद पायऱ्या उतरायला लागली. गोळीचा अंमल संपला होता. आता ताठ राहायचं कुणासाठी, म्हणून तिनं अंगाला हवं तसं चालू दिलं. उजवा पाय, थांबा, टाच, घाईनं डावा. हात कमरेखाली.

"तुम्हालाही लागली ना ती चाल?" शेजारून कुणीतरी म्हणालं. एक जोडपं होतं, तिच्याच वयाचं, गप्पांना न थांबता बाहेर आलेलं, प्रयोगाच्या आनंदात. बाई हसत होती. "आम्ही दोघंही मघापासून तसंच चालतोय. अंगातून जातच नाही. पण तुम्हाला फार छान जमतंय. यांचं बघा, यांना मुळीच येत नाही."

नवरा लाजला, पण पायऱ्यांखालच्या मोकळ्या जागेत जाऊन त्यानं करून दाखवली. दोन पावलं वरवर लंगडल्यासारखी टाकली आणि परीक्षेचा निकाल विचारावा तसं ताईकडे बघितलं.

ताई शेवटची पायरी उतरून त्याच्यासमोर उभी राहिली. "पाय ओढू नका," ती म्हणाली. "टाच आधी टेका, पण भरवसा ठेवू नका. दुखणार आहे हे माहीत असल्यासारखी टेका. आणि दुखलं की चेहऱ्यावर येऊ देऊ नका."

त्यानं पुन्हा केली. या वेळी जमली. बायकोनं कौतुकानं त्याच्या दंडावर चापट मारली.

"अरे वा," तो ताईला म्हणाला. "तुम्ही नाचता का?"

"नाही," ताई म्हणाली.